गप्प खोलीतले नऊ प्रश्न

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात सकाळी कितीही लख्ख झाडा, दुपारपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यात रुई परत जमते. कुणी आणून टाकत नाही, कुणी मुद्दाम गोळा करत नाही. हवेत असते, ती हळूहळू खाली बसते. आमच्या दवाखान्यातल्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. "सांगा ना एखादा," असं कुणी म्हटलं की मला एकही आठवत नाही. आणि दुपारी पेशंट ओसरले, पंखा कुरकुरायला लागला, की एकेक आपसूक समोर येऊन बसतो!

मी निजामपुऱ्याजवळच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कान तपासतो. पेशंटला हेडफोन लावायचे, बीप सोडायचा, ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. भिवंडीत या कामाला मरण नाही. इथे सगळं गाव मोठ्याने बोलतं. लूमच्या गल्लीत बायकोने नवऱ्याला "चहा घेणार का" असं विचारलं, तरी परक्या माणसाला भांडण चाललंय असं वाटतं. मग कधीतरी लाइट जाते, सगळ्या लूम एका दमात थांबतात, आणि लोक मात्र सवयीने ओरडतच राहतात. तेवढ्या वेळात कुणाच्या घरी काय शिजतंय ते अख्ख्या गल्लीला कळतं!

माझी एक खोली आहे. साउंडप्रूफ. कपाटापेक्षा जरा मोठी, जाड दार, भिंतींना फोम, समोर काच. पेशंट आत, मी बाहेर, आणि मध्ये माइक. पेशंट तिला 'गप्प खोली' म्हणतात. पूर्ण भिवंडीत एवढी शांतता दुसरीकडे नाही, असा माझा दावा आहे. एकदा एक माणूस बटणच दाबेना. मी आवाज वाढवत गेलो, वाढवत गेलो, कागदावर 'ठार बहिरा' लिहायच्या बेतात आलो. सहज काचेतून बघितलं तर स्वारी घोरतेय! जागं केल्यावर म्हणाला, "सर, अजून थोडा वेळ तपासा ना."

मी स्वतःही तिथे रिकाम्या वेळी जाऊन बसतो. त्यामुळे दवाखान्यात माझ्यावर एक कायमचा आरोप आहे, की मी तंद्रीत असतो. आरोप खरा आहे. पण आज सांगतोय ते स्वप्न नव्हे, घडलेलं आहे. मुख्य गोष्ट चांगुणाआजीची. नातीच्या लग्नात आजीचा गळा टिकतो की नाही, यावर आमच्या सगळ्या दवाखान्याचा जीव टांगणीला लागला होता. आता तिथवर पोचायचं म्हणजे मला तुर्कस्तानातून यावं लागणार. इलाज नाही!

* * *

झालं असं, की आमच्या डॉक्टर मॅडम एक दिवस एक छापील लेख घेऊन आल्या. मॅडमचं शिक्षण पुण्याचं, वय माझ्या मुलीएवढं, आणि उत्साह असा की लिफ्टची वाट बघताना एका जागी उभ्या राहत नाहीत. त्यांनी आम्हाला समोर बसवलं. आम्हाला म्हणजे मला आणि सिस्टर फिलोमिनाला. सिस्टर वसईच्या, बोलायला फटकळ, मनाने लोणी.

मॅडम म्हणाल्या, पोटातलं आम्ल कधीकधी घशापर्यंत चढतं. त्याने आवाज बसतो, खोकला येतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. हा त्रास किती आहे ते मोजायला इंग्रजीत नऊ प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. त्रास अजिबात नसेल तर शून्य, जीव नकोसा झाला तर पाच. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी ते प्रश्न तुर्कीत नेले. नुसते नेले नाहीत. तुर्की माणसाला ते खरंच कळतात का, पुन्हा विचारलं तर उत्तर तेच येतं का, निरोगी माणूस आणि आजारी माणूस त्यात वेगळे दिसतात का, औषध घेतल्यावर आकडे उतरतात का, हे सगळं ताडून बघितलं.

"तुर्कांनी केलं. मराठीत आपण करायचं," मॅडम म्हणाल्या.

"तुर्की लोकांना पण जळजळ होते?" सिस्टरनी विचारलं.

"घसा सगळ्यांना असतो, सिस्टर."

माझी तंद्री तिथेच लागली. मला दिसायलाच लागलं, की तिकडे कुठल्याशा गावात, समुद्राच्या वाऱ्यावर, एक म्हातारा काचेच्या इवल्या पेल्यातला चहा बाजूला ठेवून खाकरतोय. आणि त्याच्या समोर माझ्यासारखाच कुणीतरी, टक्कल पडत चाललेला, कागद घेऊन त्याला विचारतोय, बाबा, शून्य की पाच? त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार घातला. पुढे त्याची मला सवयच लागली.

मॅडमनी दोन दिवसांत पहिला मसुदा आणला आणि वाचून दाखवला. "गेल्या महिन्याभरात आपणांस स्वरभंग अथवा कंठध्वनीविषयक अन्य समस्या जाणवली काय?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या.

"कसं वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "हे नुसतं मोठ्याने वाचलं तरी घसा बसेल!"

महिनाभर काथ्याकूट झाला, आणि पहिला प्रश्न उरला तो एवढाच: 'आवाज बसतो का?'

* * *

पहिले पेशंट शकीलभाई. लूमचे मुकादम, जन्म भिवंडीतला, मराठी माझ्यापेक्षा झणझणीत, पण चकित झाले की हिंदीत जातात. सुरुवातीला आम्ही बाहेर व्हरांड्यातच प्रश्न विचारायचो. मी विचारलं, "शकीलभाई, आवाज बसतो का?"

"नाही! बिलकुल नाही! शून्य!" असं ते इतक्या फाटक्या आवाजात ओरडले, की औषधवाल्याने काउंटरमागून डोकं वर काढलं.

आपण काय बोलणार? पेशंट सांगेल ते लिहायचं, अशी मॅडमची सक्त ताकीद होती. लिहिलं शून्य. काही दिवसांनी पुन्हा विचारायची वेळ आली, तेव्हा व्हरांड्यात तोबा गर्दी. म्हटलं, चला, माझ्या खोलीत बसा. दार लावलं. शकीलभाईंनी तोंड उघडलं आणि गपकन मिटलं. मागे वळून बघितलं.

"सर, अंदर और कौन है?"

"कुणी नाही. तुम्हीच."

"फिर ये आवाज किस की है?"

ते परत काहीतरी पुटपुटले, थांबले, कान देऊन ऐकलं. एवढा दांडगा माणूस, पण दरवाजात चुकून स्वतःशीच गाठ पडल्यासारखा बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "पाच लिहा."

निघताना दारात थबकले. "सर, एक गोष्ट. बायको हे मला कितीतरी वर्षं सांगतेय. तिला मी तुमच्याकडेच कान तपासायला आणलं होतं!"

औषध चालू असताना आकडा शून्यावरून पाचावर गेलेला बघून मॅडम हादरल्या. मी कारण सांगितल्यावर त्यांनी तिथल्या तिथे नियम केला: इथून पुढे सगळे प्रश्न गप्प खोलीत. पहिल्यांदाही तिथेच आणि नंतरही तिथेच.

* * *

नियम झाला आणि दुसऱ्याच दिवशी चांगुणाआजी आली.

राहनाळच्या पलीकडच्या गावची ती धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून धवले गायला जी बाई बसते, ती धवलारीण. ती गात गात एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. गावदेवी, कुळाचा देव, खाडीवरचा, बांधावरचा, सगळे. तिने बोलावल्याशिवाय लग्न लागलं, असं जुनी माणसं मानतच नाहीत. आजीच्या जोडीची धवलारीण वारली होती, त्यामुळे आता पंचक्रोशीत ती एकटी. आणि नातीचं, मनालीचं लग्न तोंडावर आलं होतं. मनाली गोडाऊनमध्ये कामाला, सगळा दिवस स्कॅनर घेऊन खोके मोजणारी पोरगी, पण तिचा हट्ट होता, की डीजे नंतर वाजवा, आधी आजीचा धवला.

आणि आजीचा आवाज गाता गाता मधेच फुस्सकन जायचा.

सोबत सून होती, निर्मला. मनालीची आई. मी तिला वहिनी म्हणायचो. आजीने व्हरांड्यातच डिक्लेअर करून टाकलं, "मना काय न्हाय झालं! सगल्यांना शून्य लिव, बाला!"

बाकावर शेजारच्या गावच्या दोन बायका बसल्या होत्या, त्या बघायला लागल्या. मला कळलं. धवलारणीचा गळा गेला, ही बातमी गावात पोचली असती तर लग्नघरांचं धाबं दणाणलं असतं. मी आजीला गप्प खोलीत नेलं. तिने फोम दाबून बघितला, दार निरखलं.

"हितलं बाहेर ऐकू जातं?"

"नाही, आजी."

"फटाके लावलं तरी?"

"तरी नाही."

"मंग लिव. पाच. पाच. पाच. चार. पाच."

"आजी, अजून मी प्रश्न विचारलाच नाही!"

"तू विचार सावकाश. मी आदी सांगून ठेवतंय."

हसलो मी. पण तिने पदराने डोळे टिपले तेव्हा माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. म्हणाली, "परक्यांच्या मांडवान एवरे देव आनले रं. माझ्या मनालीच्या लग्नान गला न्हाय चालला, त देव यायचं कसं?"

* * *

मॅडमनी दुर्बीण घालून घसा बघितला. समोर टीव्हीवर सगळं दिसतं. पेशंट बहुतेक डोळे मिटून घेतात, आजी टक लावून बघत होती.

"ह्यो माझा गला?"

"हो आजी. या दोन पट्ट्या दिसतात ना, त्यातून आवाज निघतो. सुजल्यात बघा, लाल झाल्यात. पोटातलं आम्ल वर येतं आणि..."

आजीने टीव्हीला हात जोडले. मग ती म्हणाली, "देव हितूनच जातान मांडवान. वाटच लाल झालीय बाय."

मॅडम आम्लावर अर्धा तास बोलू शकतात. त्या दिवशी त्यांनी नुसतं पेन उघडलं आणि मिटलं. मग औषधं लिहिली आणि पथ्यं सांगितली. उशिरा जेवायचं नाही, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, चहा कमी, तळलेलं बंद. "आणि हळदीपर्यंत बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजीने घसा जास्त ताणला जातो."

आजीने मनातल्या मनात हिशेब केला.

"बोलनं सोरतंय. च्याव सोरतंय. बोंबलांचं बगू!"

* * *

दरम्यान मॅडमना निरोगी घसे हवे होते. आजारी माणसांशी तुलना करायला. आता भिवंडीत निरोगी घसा शोधायचा म्हणजे थट्टा आहे का? ज्याच्या त्याच्या घशात रुई! रिक्षावाला खाकरतो, भाजीवाला खाकरतो, मॅडम स्वतःसुद्धा आल्यापासून खाकरायला लागल्या होत्या.

अशात शकीलभाईंनी आपल्या कारखान्यातले दोघे आणले. खानदेशातले, पंडित आणि भीमा. पंडितला जळजळ, खोकला, सगळं. तो झाला पेशंट. भीमा म्हणजे हिरा! नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य. मॅडमचा असा लाडका, की सिस्टर त्याला 'जावईबापू' म्हणायच्या.

मॅडमनी पंडितला सांगितलं, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लाव. डोकं उंच राहिलं की आम्ल वर चढत नाही. पंडित गुणी, त्याने त्याच दिवशी लावल्या. काही दिवसांनी दोघे परत आले. पंडित खूपच बरा. आणि भीमाला काय तर जळजळ! आंबट पाणी! झोपल्यावर खोकला!

मॅडमनी दोघांचे कागद उलटसुलट करून बघितले. अदलाबदल झाली असेल म्हणून माझ्याकडे संशयाने बघितलं. मी म्हटलं, मी तंद्रीत असेन, पण इतका नाही!

शेवटी शकीलभाईंनीच उलगडा केला. "मॅडम, खाट एकच आहे. पंडित दिवसपाळी, भीमा रातपाळी. हा उठला की तो झोपतो. आणि याचं डोकं दाराकडे, त्याचं भिंतीकडे!"

म्हणजे पंडितच्या डोक्याखालच्या विटा भीमाच्या पायाखाली. बिचारा भीमा इतके दिवस पाय वर आणि डोकं खाली करून झोपत होता. आणि एका शब्दाने तक्रार नाही! का, तर, "मॅडमनी सांगितलंय म्हणे, म्हटलं असेल काही."

पेशंट कमी पडले म्हणून धडधाकट माणसापासून नवा बनवणारे जगात बहुधा आम्हीच! तुर्कस्तानात खाटा कशा असतात कोण जाणे. मी त्या टकल्या माणसाला मनातल्या मनात विचारून बघितलं, पण तो चहा पीत होता.

* * *

हिरा गेला. मॅडम हिरमुसल्या. सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही गणेशपुरीला जा. तिकडे लोक शांत असतात, धूळ नाही, रुई नाही. गळे चांगले असतील."

गेलो एसटीने. लूमचा आवाज मागे मागे पडत गेला. पुढे भाताची खाचरं, मग झाडी, मग कुंडांवरची वाफ. मला वाटलं आपण गाडीत नाही, आपल्याच खोलीत बसलोय आणि कुणीतरी भिंती काढून घेतल्यात. एका आश्रमाच्या ओट्यावर एक गृहस्थ बसले होते. प्रसन्न चेहरा, तेजस्वी कांती. असा घसा निरोगी नसेल तर कुणाचा असेल? मी कागद पुढे केला. त्यांनी आनंदाने घेतला. आठ प्रश्नांना सुबक शून्यं काढली. पहिला प्रश्न मात्र कोरा. 'आवाज बसतो का?' पुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'सध्या मौनात आहे. आवाज कसा आहे ते माहीत नाही. मौन सुटल्यावर कळवतो.'

मी नंबर दिला आणि विसरून गेलो.

पुढे एका भर सकाळी, ओपीडी ओसंडून वाहत असताना, दवाखान्याचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे शांतता. मी "हॅलो, हॅलो" करतोय, कुणी बोलेना. ठेवणार, एवढ्यात एक संथ, स्वच्छ, धुतल्यासारखा आवाज आला.

"शून्य."

आणि फोन बंद!

"कोण होतं?" सिस्टरनी विचारलं. मी गणेशपुरीचा कागद काढला आणि कोऱ्या जागी शून्य लिहिलं. एवढं मौन पाळून माणूस पहिला शब्द बोलला, तो आमच्या पहिल्या प्रश्नासाठी!

* * *

लग्नाला थोडे दिवस उरले होते तेव्हा आजीला पुन्हा विचारायची वेळ आली. आजी आली ती ओठ घट्ट मिटून, सोबत वहिनी आणि मनाली. मनालीने सांगितलं, गावात सगळे घाबरलेत. आजी शिव्या देत नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, असं वाटतं लोकांना!

नियमाप्रमाणे आजीला गप्प खोलीत बसवलं. मी माइकवर विचारलं, "आजी, आवाज बसतो का? बोटं दाखवा."

आजीने बोटं दाखवली नाहीत. तिला सविस्तर सांगायचं होतं. ती काचेपलीकडून नुसते ओठ हलवायला लागली, न थांबता, हातवारे करत. हेडफोनमध्ये चकार शब्द नाही. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे.

"ती म्हनते, दोन लिवा," माझ्या मागून निर्मलावहिनी म्हणाल्या. "पहाटे जरा धरतो, मग सुटतो. आणि म्हनते, हा सर झोपलाय काय?"

मी चमकून बघितलं. "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"ओठांवरून. लग्नाआधीपासून सुताची कांडी भरायला जायची मी कारखान्यात. तिथं काय ऐकू येतंय? सगल्या जनी ओठच वाचतो."

मग काय! आत आजी ओठ हलवतेय, बाहेर वहिनी बोलतायत, मी लिहितोय. बोंबलांवर आजी जे काही म्हणाली, ते वहिनींनी सांगायचं नाकारलं.

वहिनींचा आवाज ऐकून मॅडमनी सहज विचारलं, "तुमचाही घसा बघू का? किती घोगरा झालाय." वहिनी हसल्या. म्हणाल्या, "कांडीच्या मशिनीवर ओरडून ओरडून गेला तो. लग्न होऊन आले तवा सासूआयला म्हटलं, मना धवला शिकवा. आय बोलली, तुझ्या गल्याला न्हाय पेलायचा. मग राह्यलंच."

काचेपलीकडे आजी थांबली होती. माइक चालूच राहिला होता; तिने काय ऐकलं, काय नाही, मला माहीत नाही. पण खाली मान घालून ती बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसली.

आकडे मात्र झकास उतरले होते. मॅडमनी तुर्की लेखावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "आजी गाणार!"

* * *

हळदीला आम्ही तिघेही गेलो. दुपार कलत होती. मांडवाबाहेर डीजेचे खोके माणसापेक्षा उंच रचलेले, पण अजून मुके. आत मनाली हळदीने पिवळी होऊन पाटावर बसलेली. तिच्यापुढे आजी, नऊवारी नेसून, ताठ. मॅडम कॉलेजच्या परीक्षेला बसल्यासारख्या सिस्टरचा हात धरून उभ्या.

आजीने सुरुवात केली. आवाज लागला! काय आवाज, काय सांगू! म्हातारा होता, पण सरळ होता. गावदेवी आली, कुळाचा देव आला. एकेक नाव घेतलं की बायका माना डोलवायच्या. खाडीवरून वारा येत होता, मांडवाचं कापड हळूहळू फुगत होतं, आणि मला खरंच वाटायला लागलं, की कुणीतरी एकेक जण वाकून आत येतंय.

आणि मधेच आवाज गेला. फुस्सकन.

आजी थांबली नाही. ओठ हलत राहिले. मनालीने वर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, हळदीतूनसुद्धा दिसलं ते. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझं चुकलं का हो काही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. देव अर्धे आले होते, अर्धे वाटेत उभे होते.

निर्मलावहिनी समोरच्या बाजूला होत्या, हात हळदीने भरलेले. त्या आजीच्या ओठांकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. आणि मग त्यांनी तोंड उघडलं.

फाटका, घोगरा, कारखान्यातला आवाज. सूर इकडचा तिकडे. पण शब्द बरोबर, नाव बरोबर. आजीच्या ओठांवर एक ओळ, मागोमाग वहिनींच्या गळ्यातून ती ओळ. एकदोघी कुजबुजल्या, मग त्याही थांबल्या. आजीने सुनेकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, ती रागावून ओठ मिटून घेणार. पण तिने ओठ जरा सावकाश हलवायला सुरुवात केली, म्हणजे सुनेला नीट वाचता येईल.

शेवटच्या देवापर्यंत सगळे आले. कुणी राहिला नाही.

मग डीजे लागला, आणि सिस्टर फिलोमिना अशा काही नाचल्या, की तो किस्सा त्यांनी सांगू नका म्हटलंय!

* * *

लग्नानंतर आजीला एकदा शेवटचं विचारायचं होतं. ती आली तेव्हा आवाज म्हणजे नुसता एक दोरा उरला होता, कान लावून ऐकावं लागे असा. मॅडम म्हणाल्या, भरेल हळूहळू, पण वेळ लागेल, आणि गाणं आता विसरायचं. आजीने ऐकून घेतलं.

तिला गप्प खोलीत बसवलं. दार लावलं. काचेच्या अलीकडे मी, हेडफोन लावून. बाजूला मॅडम. त्यांच्या पलीकडे स्टुलावर निर्मलावहिनी.

"आजी, पहिला प्रश्न. आवाज बसतो का?"

"शून्य."

"आजी, खरं सांगा हं. इथलं बाहेर ऐकू जात नाही."

"खरंच सांगतंय."

"अहो, मांडवात आवाज गेला ना तुमचा?"

आजीने काचेतून बोट दाखवलं. माझ्याकडे नाही. माझ्या बाजूला, स्टुलाकडे.

"गेला न्हाय रं. त्यो काय, थंय बसलाय."

हेडफोन माझ्या कानांवर होते. बाहेर दुसऱ्या कुणालाही ऐकू गेलं नव्हतं. पण निर्मलावहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

"काय म्हणाल्या आजी?" मॅडमनी विचारलं.

"शून्य," मी म्हटलं.